जुन्या लष्करी रायफलींचा संग्रह : अमेरिकेतील ‘क्युरिओ अँड रेलिक’ परवान्याची पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

ईशापूरच्या रायफल कारखान्यात १९६०च्या दशकात घडवलेली ७.६२ मिलिमीटरची ‘टू-ए-वन’ रायफल हातात घेतली, की बोल्टच्या, म्हणजे गोळी नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, मागे, लाकडी दस्ता जेथे धातूला मिळतो तेथे, उजव्या अंगाला अशोकस्तंभावरील सिंहांचा छाप, ‘आर.एफ.आय.’ ही कारखान्याची अक्षरे आणि निर्मितीचे वर्ष ठोकलेले दिसते. भारतीय सेवेतून बाद झालेल्या या रायफली अमेरिकेतील संग्राहकांच्या बाजारात आजही आढळतात. मराठी माणसाचे लक्ष साहजिकच आधी त्या सिंहांकडे जाते. परंतु ती विकत घ्यायची असेल तर त्या चार आकड्यांकडे अधिक बारकाईने पाहावे लागते, कारण तेथील केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने ती सामान्य बंदूक आहे की संग्राह्य वस्तू, हे बहुतेक वेळा त्या वर्षावरूनच ठरते. संग्राह्य वस्तूंसाठी तेथे एक स्वतंत्र परवाना मिळतो. त्याला ‘क्युरिओ अँड रेलिक’, बोलीत ‘सी अँड आर’ परवाना म्हणतात आणि कागदोपत्री तो केंद्रीय शस्त्रपरवान्यांपैकी ‘टाइप ०३’ म्हणून नोंदला जातो. तो कोणाला मिळतो, अर्ज कसा करावा आणि मिळाल्यानंतर कोणती बंधने पाळावी लागतात, याची माहिती येथे दिली आहे.

आधी रायफल वाचावी, मग अर्ज भरावा

१९६८च्या ‘गन कंट्रोल अ‍ॅक्ट’खालील नियमांनुसार एखादे शस्त्र ‘क्युरिओ अँड रेलिक’ ठरण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला आणि सर्वाधिक उपयोगी पडणारा मार्ग वयाचा आहे : ज्याच्या निर्मितीला किमान ५० वर्षे पूर्ण झाली आहेत आणि जे नंतर बनवलेली प्रतिकृती नाही, असे शस्त्र आपोआप या व्याख्येत येते. ही मर्यादा एखाद्या ठरावीक सालाशी बांधलेली नसून दरवर्षी पुढे सरकते. म्हणून १९६६ सालचा छाप असलेली ईशापूरची रायफल २०१६ साली या व्याख्येत आली. दुसऱ्या मार्गाने महानगरपालिका, राज्य किंवा केंद्र यांच्या संग्रहालयाच्या अभिरक्षकाने तसे प्रमाणित केलेले शस्त्र येते. तिसऱ्या मार्गाने, दुर्मीळपणामुळे किंवा एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीशी वा घटनेशी असलेल्या संबंधामुळे ज्याच्या किमतीचा मोठा भाग ठरतो असे शस्त्र येते. सामान्य संग्राहकाला शेवटच्या दोन मार्गांची गरज क्वचितच भासते.

वय मोजताना रिसीव्हरचे, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या रायफलीच्या मुख्य धातूच्या सांगाड्याचे, वर्ष धरले जाते; नळी किंवा दस्ता नंतर बदलला असला तरी गणना रिसीव्हरपासूनच होते. हा मुद्दा किती दूर जातो, याचे सर्वांत चांगले उदाहरण फिनलंडची ‘एम ३९’ रायफल आहे. ती १९४०च्या दशकात जोडली गेली, परंतु तिच्यासाठी जुन्या रशियन ‘मोसिन-नागां’ लष्करी रायफलींचे रिसीव्हर वापरले गेले. स्क्रू काढून धातूचा भाग दस्त्यातून बाहेर उचलला, की रिसीव्हरच्या मागच्या शेपटीवर, एरवी लाकडाखाली झाकलेल्या जागी, मूळ वर्ष सापडते. कधी ते १८९० च्या दशकातले निघते. १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेले शस्त्र केंद्रीय कायद्यात ‘अँटिक’ गणले जाते आणि शस्त्राच्या व्याख्येतच बसत नाही, म्हणून केंद्रीय पातळीवर त्याला कोणताही परवाना लागत नाही. राज्याचा कायदा मात्र वेगळे म्हणू शकतो.

वयाइतकेच मूळ स्वरूपही महत्त्वाचे आहे. महायुद्धानंतर लक्षावधी लष्करी रायफलींच्या नळ्या कापून आणि दस्ते तासून त्यांच्या शिकारी बंदुका केल्या गेल्या. परवाने देणाऱ्या ‘ब्युरो ऑफ अल्कोहोल, टोबॅको, फायरआर्म्स अँड एक्सप्लोझिव्ह्ज’ या खात्याची, म्हणजे ‘एटीएफ’ची, भूमिका अशी आहे, की मूळ लष्करी स्वरूप नष्ट झालेली रायफल केवळ जुनी असल्यामुळे संग्राह्य ठरत नाही. नुसता पट्टा बदलल्याने काही बिघडत नाही. परंतु नळी आखूड केलेली रायफल या परवान्यावर मागवण्यापूर्वी थांबावे आणि खात्याला लेखी विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वयंचलित शस्त्रे आणि १६ इंचांहून आखूड नळीच्या रायफली यांना ‘नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट’चा वेगळा कायदा लागू होतो. दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या दोन कार्बाइनपैकी (कार्बाइन म्हणजे आखूड, हलकी रायफल) ‘एम १’ या परवान्यावर घेता येते, तर स्वयंचलित गोळीबाराची सोय असलेली ‘एम २’ कितीही जुनी असली तरी त्या दुसऱ्या कायद्याखालीच राहते.

पात्रता

अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे, संग्रह ठेवण्याची निश्चित जागा असावी (राहते घर चालते) आणि शस्त्र बाळगण्यास कायद्याने मनाई केलेल्या व्यक्तींमध्ये त्याची गणना होत नसावी. एक वर्षाहून अधिक कारावासास पात्र असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती, फरारी आरोपी, अमली पदार्थांचे बेकायदा सेवन करणारी, न्यायालयाने मानसिक आरोग्याच्या कारणाने अक्षम ठरवलेली, लष्करातून अप्रतिष्ठेने बडतर्फ झालेली, कौटुंबिक हिंसाचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेली किंवा तशा प्रतिबंधक आदेशाखाली असलेली आणि अमेरिकेचे नागरिकत्व त्यागलेली व्यक्ती, अशी ही मनाईची यादी आहे. मोठ्या गुन्ह्याचा आरोप न्यायालयात प्रलंबित असेल तरीही नवे शस्त्र घेता येत नाही. अर्जातील उत्तर जाणूनबुजून खोटे देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

परदेशातून अमेरिकेत गेलेल्यांनी या यादीतील आणखी एक कलम फार काळजीपूर्वक वाचावे. ग्रीन कार्डधारक, म्हणजे कायम निवासी, नागरिकांप्रमाणेच अर्ज करू शकतो. त्याला आपला परकीय नोंदणी क्रमांक द्यावा लागतो, एवढाच फरक. परंतु एच-१बी, एच-४, एल-१ किंवा एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला शस्त्र किंवा दारूगोळा बाळगण्यास केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. या मनाईला काही अपवाद आहेत आणि एखाद्या राज्याने रीतसर दिलेला शिकारीचा परवाना जवळ असणे हा त्यांपैकी सर्वांत परिचित अपवाद होय. तरीही केवळ त्या अपवादाच्या आधारावर संग्रह उभा करण्याआधी, शस्त्रकायदा आणि स्थलांतर कायदा या दोन्हींची जाण असलेल्या वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा. येथील चूक दंडावर भागत नाही. व्हिसा आणि पुढचे ग्रीन कार्ड दोन्ही तिच्यात अडकू शकतात, आणि एका रायफलीसाठी कोणाच्याही कुटुंबावर ती वेळ येऊ नये.

अर्ज आणि कागदपत्रे

अर्जाचा नमुना ‘फॉर्म ७सीआर’ या नावाने ओळखला जातो आणि तो एटीएफकडून विनामूल्य मिळतो. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, नागरिकत्व, संग्रह ठेवण्याचा पत्ता आणि वर सांगितलेल्या अपात्रतांविषयीचे प्रश्न असतात. शुल्क तीन वर्षांसाठी ३० डॉलर आहे. शस्त्रविक्रीच्या परवान्यासाठी लागणारे बोटांचे ठसे आणि छायाचित्र या प्रकारासाठी लागत नाहीत. अर्जाची एक प्रत आपल्या भागातील मुख्य पोलीस अधिकाऱ्याकडे, म्हणजे शहराच्या पोलीसप्रमुखाकडे किंवा काउंटीच्या शेरीफकडे, पाठवावी लागते. ती केवळ माहितीसाठी असते. त्याची संमती मागायची नसते. अर्जदाराने स्वाक्षरीखाली असे प्रमाणित करायचे असते, की ही प्रत पाठवली आहे आणि आपला संग्रह राज्याच्या व स्थानिक कायद्याला धरून आहे.

योग्य रीतीने भरलेला अर्ज पोहोचल्यापासून ६० दिवसांत निर्णय देण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. अर्ज परत येण्याची कारणे बहुधा साधी असतात : स्वाक्षरी राहून गेलेली असते, एखादा प्रश्न रिकामा सोडलेला असतो किंवा पारपत्रावरील नाव आणि अर्जावरील नाव वेगळे असते. मराठी नावांच्या बाबतीत शेवटचे कारण विशेष ध्यानात ठेवावे. वडिलांचे किंवा पतीचे मधले नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर आद्याक्षरापुरते आणि तिसऱ्यावर अजिबात नाही, अशी स्थिती आपल्याकडे नेहमीची असते. म्हणून सर्व ओळखपत्रे समोर मांडून एकच रूप ठरवावे आणि तेच सर्वत्र लिहावे.

परवान्याने काय मिळते

सर्वसामान्य ग्राहक दुसऱ्या राज्यातील विक्रेत्याकडून टपालाने थेट घरी रायफल मागवू शकत नाही. ती परवानाधारक दुकानदाराकडे जाते आणि तेथे ‘फॉर्म ४४७३’ भरून पार्श्वभूमी तपासणी झाल्यावरच हाती येते. संग्राहकाचा परवाना असेल तर विक्रेत्याला परवान्याची स्वाक्षरी केलेली प्रत पाठवून संग्राह्य रायफल परवान्यावरील पत्त्यावर थेट मागवता येते. ही सवलत फक्त संग्राह्य शस्त्रांपुरती आहे. आजच्या काळातील रायफल घेताना हाच परवानाधारक पुन्हा सामान्य ग्राहक ठरतो आणि त्याला दुकानातली सर्व प्रक्रिया पार पाडावी लागते. हा व्यापाराचा परवानाही नाही. संग्रह सुधारण्यासाठी अधूनमधून एखादी रायफल विकणे चालते. नफ्यासाठी नियमित खरेदीविक्री करणे चालत नाही.

राज्याचे कायदे याच्या वर बसतात. इलिनॉयमध्ये ‘फॉइड’ कार्ड, म्हणजे शस्त्रमालकाचे राज्याने दिलेले ओळखपत्र, लागते, न्यू जर्सीत शस्त्रखरेदीचे ओळखपत्र लागते, न्यू यॉर्क शहरात रायफलीसाठीही स्वतंत्र परवाना लागतो आणि कॅलिफोर्नियात केंद्रीय परवान्याची सवलत इतर राज्यांसारखी मोकळेपणाने वापरता येत नाही. केंद्राचा परवाना हाती आला म्हणजे काम झाले असे समजणे ही नवख्या संग्राहकाची सर्वांत महागडी चूक ठरू शकते.

गॅरंड रायफल आणि सीएमपी

अमेरिकी लष्कराने १९३६ साली स्वीकारलेली, आठ गोळ्यांच्या क्लिपची ‘एम १ गॅरंड’ रायफल हवी असेल तर वाट वेगळी आहे. ‘सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम’, म्हणजे ‘सीएमपी’, ही संस्था १९०३ पासूनची परंपरा सांगते. १९९६ पासून ती सरकारी खाते न राहता काँग्रेसच्या कायद्याने स्थापन झालेले ना-नफा महामंडळ म्हणून काम करते आणि लष्कराच्या जुन्या रायफली नागरिकांना विकते. तिची अट कडक आहे : खरेदीदार अमेरिकेचा नागरिकच असला पाहिजे. म्हणजे ज्या ग्रीन कार्डधारकाला सी अँड आर परवाना मिळतो, त्याला येथून रायफल घेता येत नाही. ती त्याने खुल्या बाजारात शोधावी.

नागरिकत्वासाठी पारपत्र, जन्मदाखला किंवा नागरिकत्वाचे प्रमाणपत्र चालते; वाहनपरवाना चालत नाही. त्याशिवाय वयाचा पुरावा, संस्थेशी संलग्न असलेल्या नेमबाजी मंडळाचे सभासदत्व आणि नेमबाजीशी संबंधित सहभागाचा पुरावा लागतो. या शेवटच्या अटीसाठी सी अँड आर परवान्याची प्रतही स्वीकारली जाते, आणि ६० वर्षांवरील खरेदीदारांना ती अटच लागू नाही. पार्श्वभूमी तपासणी संस्था स्वतः करते आणि राज्याचा कायदा आड येत नसेल तर रायफल घरी पाठवते. रायफली प्रतवारीने विकल्या जातात. कमी प्रतीच्या रायफलीवर झीज आणि खड्डे दिसणार, हे गृहीत धरूनच मागणी नोंदवावी.

नोंदवही

या परवान्याचे खरे ओझे नोंदवहीचे आहे, आणि मला ते मुळीच जाचक वाटत नाही, कारण संग्राहकाने ते एरवीही आनंदाने करायला हवे असे काम आहे. पाने बांधलेली वही घ्यावी लागते. सुटे कागद चालत नाहीत. संग्राह्य रायफल हाती आल्यानंतरच्या कामकाजाच्या दिवसाची अखेर होण्याआधी तिची नोंद झाली पाहिजे. तारीख, देणाऱ्याचे नाव व पत्ता किंवा परवाना क्रमांक, निर्माता, आयातदार, मॉडेल, अनुक्रमांक, प्रकार आणि कॅलिबर असे रकाने असतात. ईशापूरच्या रायफलीसाठी निर्माता ‘आर.एफ.आय.’, मॉडेल ‘टू-ए-वन’ आणि कॅलिबर ७.६२ मिलिमीटर असे लिहायचे. आयातदाराचे नाव व गाव बहुधा नळीवर किंवा रिसीव्हरवर बारीक अक्षरांत कोरलेले असते. ते भिंग घेऊन शोधावे. अनुक्रमांक बीजकावरून उतरवू नये, रायफलीवरून वाचावा. अनेक लष्करी रायफलींवर बोल्टचा, रिसीव्हरचा आणि दस्त्याचा क्रमांक वेगवेगळा असतो, आणि नोंद रिसीव्हरच्या क्रमांकाचीच हवी. घट्ट झालेल्या कॉस्मोलिन ग्रीसखाली ३ आणि ८ सारखे दिसतात. आधी पुसावे, मग लिहावे.

रायफल दिल्यास सात दिवसांच्या आत तशी नोंद करावी, घेणारा परवानाधारक नसल्यास त्याची जन्मतारीख लिहावी, त्याची ओळख पटवावी आणि ती कशी पटवली हेही लिहावे. दुसऱ्या राज्यातील बिनपरवाना व्यक्तीला ती थेट देता येत नाही. संग्रहातील शस्त्र चोरीस गेले किंवा हरवले, तर लक्षात आल्यापासून ४८ तासांत एटीएफला आणि स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

एटीएफला बारा महिन्यांतून एकदा वही आणि संग्रह तपासण्याचा अधिकार आहे. मात्र ही तपासणी घरी न होता खात्याच्या जवळच्या कार्यालयात व्हावी, असे निवडण्याचा हक्क कायद्याने संग्राहकाला दिला आहे. घर बदलायचे असेल तर किमान ३० दिवस आधी नव्या पत्त्याची सूचना द्यावी. नूतनीकरणाचा अर्ज परवान्यावरील पत्त्यावर येतो आणि तो मुदत संपण्यापूर्वी ३० डॉलरसह पाठवावा लागतो. नूतनीकरण केले नाही, तर दुसऱ्या राज्यातून थेट रायफल मागवण्याची सवलत संपते. आधी रीतसर घेतलेल्या रायफली मात्र मालकाकडेच राहतात.