लोणारी कोळशावरील लोखंड-कारखान्यांचे जतन

कोकचा (दगडी कोळसा भाजून केलेल्या इंधनाचा) वापर रुळण्यापूर्वी खनिजातून लोखंड काढले जाई ते लाकडाच्या, म्हणजे लोणारी कोळशावर. अशा जुन्या कारखान्यांची भट्टी, कोळशाची कोठारे, पाण्याचे पाट आणि शक्य तिथे भोवतालचे रानही राखण्याचे काम औद्योगिक वारसा-जतनात मोडते. यातले रान बहुतेकदा विसरले जाते.

लोणारी कोळसा ठिसूळ. वरच्या खनिजाच्या भाराने तो चुरतो, म्हणून या झोतभट्ट्या (हवेचा झोत सोडून खनिज वितळवणाऱ्या भट्ट्या) फार उंच बांधता येत नसत. दूरवर वाहून नेला तरी त्याची भुकटी होते. त्यामुळे कारखाना खाणीपेक्षा जंगलाला धरून उभा राही. स्कॉटलंडमधील बोनॉ येथे १७५३ साली भट्टी उभारली ती ओकच्या रानासाठी. खनिज मात्र इंग्लंडहून जहाजाने येई. १८७६ मध्ये ती बंद पडली. तिथली कोळशाची कोठारे भट्टीइतकीच पाहण्यासारखी आहेत. ती उतारावर बांधलेली असून वरच्या अंगाने कोळसा आत ओतायचा आणि खालच्या दाराने काढायचा, अशी सोय होती. कोळसा कोरडा राहिला नाही तर भट्टीचा ताव बिघडे, म्हणून ही एवढी उस्तवार.

स्वीडनमधील एंगेल्सबर्ग हा कारखाना १९१९ मध्ये थांबला आणि १९९३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. इंग्लंडमधील कोलब्रुकडेलची भट्टीही मुळात लोणारी कोळशाचीच. १७०९ मध्ये लोहउद्योजक अब्राहम डार्बीने ती कोकवर चालवली. आज तिच्यावर स्वतंत्र छप्पर आहे. भट्टीचे तोंड वरून उघडे असते, आत पाणी शिरले की सांधे सुटतात. दुरुस्तीला चुन्याचाच गारा लागतो. सिमेंट ओल कोंडून ठेवते आणि दगडच फुटू लागतो. भट्टीचा भाता चालवणारे लाकडी पाणचाक कोरडे पडले की तडकते, आणि सतत भिजत ठेवले तर कुजते. राखेचे व मळीचे (लोखंड काढल्यावर उरणाऱ्या कचऱ्याचे) ढीग सपाट करणे ही सर्वांत मोठी चूक ठरते, कारण कोणते खनिज वापरले आणि ताव किती होता, याचा पुरावा त्यातच असतो.

आपल्याकडे मोठ्या प्रमाणावरचा नमुना म्हणजे कर्नाटकातील भद्रावती. विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या म्हैसूर आयर्न वर्क्समध्ये १९२३ मध्ये उत्पादन सुरू झाले, तेही मलनाड या डोंगराळ जंगलपट्ट्याच्या लाकडापासून केलेल्या कोळशावर. महाबळेश्वरच्या जांभ्यातून लोखंड काढणाऱ्या धावड समाजाच्या भट्ट्या मात्र लहान. त्यांचे जतन म्हणजे मुख्यतः मळीच्या जागांची नोंद.

सोलापूर जिल्ह्यात झोतभट्टी नव्हती. कोळशाची बाजू मात्र इथे ओळखीची आहे. सांगोला-मंगळवेढा भागातील लोणारी समाजाचा चुना आणि कोळसा हा परंपरागत धंदा. लाकडे रचायची, पाला-मातीने झाकायची, आणि आत हवा मोजकीच जाऊ देत ती धुमसत ठेवायची. झाकणाला भोक पडले की कोळशाऐवजी राख हाती येते. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या कापड गिरणीच्या निमित्ताने सोलापूर शहरात औद्योगिक वारशाचा विषय निघतो, पण बोलणे भिंती आणि चिमणीपाशीच थांबते. बोनॉच्या हिशेबाने पाहिले तर कामगारांच्या चाळी, कापसाची गोदामे आणि पाणी आणण्याची व्यवस्था हेही त्याच वास्तूचे भाग ठरतात. कोळसा पाडणाऱ्या जुन्या माणसांकडून खड्ड्याची रचना, लाकडाची निवड आणि धुराच्या रंगावरून ताव ओळखण्याची रीत लिहून घेणे हे कामही याच सदरात येते, आणि त्याला दगड-चुन्याचा खर्च लागत नाही.