हव्वेने खाल्लेलं फळ सफरचंद नव्हतं

बायबलमधली पहिली स्त्री हव्वा हिने एदेन बागेत देवाने मना केलेलं सफरचंद खाल्लं, असं सर्रास सांगितलं जातं. पण बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकात फळाचं नावच नाही. 'बागेच्या मधोमध असलेल्या झाडाचं फळ' एवढंच आहे. पुढे आदाम-हव्वा अंग झाकतात ती पानं मात्र अंजिराची! ज्यू धर्मपंडितांनीही द्राक्ष, अंजीर, अगदी गव्हाचाही तर्क केला.

सफरचंद रुजवलं ते युरोपीय चित्रकारांनी. क्रानाखच्या १५२६च्या चित्रात फळांनी लगडलेलं सफरचंदाचं झाडच आहे. पण मायकेलअँजेलोने व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावर अंजीर रंगवलं, हे आवर्जून पाहावं.

आपण खातो त्या सफरचंदाचा मुख्य रानटी पूर्वज तर मध्य आशियातल्या तिएनशान पर्वतातला. कझाकस्तानात त्याची रानं आजही आहेत.