बुचात अडलेली काचनळी

रबरी बुचाच्या भोकात काचेची नळी बसवायची, काम एवढंच. नळी अर्ध्यावर अडते. आपण तिचं लांबचं टोक धरून जोर लावतो आणि ती मोडते. हाताचा जोर मात्र थांबत नाही, त्यामुळे धारदार तुकडा सरळ तळहातात घुसतो. तिथे बोटं हलवणारे स्नायुबंध आणि नसा असतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सगळे आम्लाची भीती घालतात. माझ्या मते या नळीची भीती आधी घालायला हवी.

काच दाब भरपूर सोसते, ताण मात्र सोसत नाही. लोखंडाची तार ताणली तर थोडी लांबते, वाकते. काचेला ती मुभा नाही. पृष्ठभागावरच्या बारीकशा ओरखड्याच्या टोकाशी सगळा ताण गोळा होतो आणि तिथून तडा धावतो. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 साली हे गणिताने मांडलं. नळी हवी तिथे तोडताना आपण हेच तर वापरतो: कानशीने एक रेघ मारायची आणि नळी किंचित वाकवायची. टोकाला धरून ढकललेली नळीही अशीच वाकते, फक्त आपल्या नकळत.

म्हणून नळीची कापलेली कड आधी ज्योतीत धरून गुळगुळीत करावी आणि पूर्ण गार होऊ द्यावी. नळीला ग्लिसरीन किंवा पाणी लावावं. दोन्ही हातांत जाड फडकं घ्यावं, बुचापासून दोन-तीन सेंटिमीटरवरच धरावं आणि हळूहळू फिरवत आत न्यावं. जुनी नळी बुचात घट्ट बसली असेल तर ओढाताण न करता बुचच चिरून काढावं. बूच नवं मिळतं.

उष्णतेने काच तडकते, त्याचंही मूळ ताणातच आहे. एक मीटर लांबीची साध्या काचेची कांडी 100 अंशांनी तापवली तर सुमारे 0.9 मिलिमीटर वाढते. बोरोसिलिकेट या उष्णता सोसणाऱ्या काचेची जेमतेम 0.33. म्हणून बीकर आणि फ्लास्क या काचेचे असतात. तरी उकळता बीकर ओल्या कडप्प्याच्या ओट्यावर ठेवू नये. बाहेरचा थर झटकन आकसतो, आतला गरमच असतो, आणि बाहेरच्या थरावर ताण येतो. तापवण्यापेक्षा असं अचानक गार करणं अधिक घातक. जाड काचेचं मोजपात्र तर ज्योतीवर कधीच धरू नये. आणि गरम काच दिसायला गार काचेसारखीच असते! उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग बघावी.

प्रयोगाआधी प्रत्येक भांडं उजेडासमोर फिरवून पाहावं. तळाशी चांदणीसारखा तडा दिसला तर ते बाद. फुटलेले तुकडे ब्रश आणि सुपलीनेच गोळा करावेत, बारीक कण ओल्या कापसाने टिपावेत, आणि सगळं 'फुटकी काच' असं लिहिलेल्या जाड खोक्यात टाकावं. साध्या कचऱ्याच्या पिशवीत गेलेला तुकडा संध्याकाळी ती पिशवी उचलणाऱ्या मावशींच्या हातात घुसतो.