नैसर्गिक वायूवरील वीज आणि नवीकरणीय ऊर्जेची कायदेशीर व्याख्या

नैसर्गिक वायू जाळून केलेली वीज भारतीय कायद्यात नवीकरणीय धरली जात नाही. तिच्यामुळे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या मानाने साधारण निम्मा असला, तरी येथे कसोटी धुराची नसून इंधनाच्या उगमाची आहे; हा वायू जमिनीखालचा साठा असून तो एकदा संपला की भरून येत नाही.

वीज कायदा, २००३ मध्ये नवीकरणीय स्रोतांची व्याख्या नाही. त्याचे कलम ८६(१)(ई) सहवीजनिर्मिती (एकाच इंधनातून वीज आणि उपयोगी उष्णता दोन्ही मिळवणे) आणि नवीकरणीय स्रोत यांना चालना देण्याची व अशा विजेच्या खरेदीचे प्रमाण ठरवण्याची जबाबदारी राज्य नियामक आयोगांवर टाकते. पवन, सौर, लघुजल, जैवभार, चिपाडावरील सहवीज ही यादी केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या विनियमांत येते. कलमातील सहवीजनिर्मितीच्या उल्लेखामुळे जीवाश्म इंधनावरील सहवीजही मोजावी का, असा वाद उभा राहिला. तशी वीज घेण्याची सक्ती वितरण कंपन्यांवर करता येणार नाही, असा निर्णय वीज अपील न्यायाधिकरणाने लॉइड्स मेटल प्रकरणात २०१३ मध्ये दिला, आणि तो योग्यच होता.

अमेरिकेतील ओहायो राज्याने जानेवारी २०२३ मध्ये नैसर्गिक वायूला कायद्याने ‘हरित ऊर्जा’ ठरवले. युरोपीय संघाने २०२२ मध्ये वायूला पर्यावरणपूरक गुंतवणुकीच्या वर्गीकरणात सशर्त स्थान दिले, मात्र केवळ संक्रमणकालीन म्हणून. दुसरी भूमिका अधिक प्रामाणिक आहे.

बेळगाव सीमाभागात हा भेद प्रत्यक्ष दिसतो. दाभोळहून बंगळूरला जाणारी गेल या सरकारी वायू कंपनीची वायुवाहिनी या जिल्ह्यातून जाते. त्या वायूवर वीज केली तर ती नवीकरणीय ठरणार नाही. निपाणी, चिकोडी, संकेश्वर हा मात्र उसाचा पट्टा. सहवीज प्रकल्प असलेल्या कारखान्यात गळीत हंगाम सुरू झाला की मिलमधून निघालेले चिपाड पट्ट्यावरून बॉयलरकडे जाते, वाफेवर टर्बाइन फिरते, तीच वाफ पुढे रस आटवते आणि उरलेली वीज ग्रिडला मिळते. ही वीज नवीकरणीय ठरायलाही अट आहे: उपयुक्त वीज आणि उपयुक्त उष्णतेचा निम्मा भाग यांची बेरीज हंगामात जळणातील ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक भरावी लागते. बिगरहंगामात त्याच बॉयलरमध्ये कोळसा घातला, तर ती वीज नवीकरणीय राहत नाही.

कारखान्याच्या प्रेसमडपासून, म्हणजे रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून, बायोगॅस करता येतो. शुद्ध केल्यावर तो मुख्यत्वे मिथेनच असतो, म्हणजे वायुवाहिनीतल्या वायूसारखाच. तरी उसातून आल्यामुळे तो नवीकरणीय ठरतो. सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये असा बायोगॅस मिसळण्याचे बंधन केंद्राने २०२५-२६ साठी १ टक्का ठरवले असून टप्प्याटप्प्याने वाढत २०२८-२९ पासून ते ५ टक्के असेल.