छपरावरचा कोंबडा खाली कसा उतरला

शाळेच्या भूगोलात ‘वातकुक्कुट’ भेटायचा. वाऱ्याची दिशा दाखवणारं साधन, एवढी एक ओळ आणि शेजारी बाणावर बसलेल्या कोंबड्याचं चित्र. परीक्षेत गुण एक. वाऱ्याचा आणि कोंबड्याचा संबंध काय, हे बाईंनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. असं एखादं जुनं वातकुक्कुट लिलावात लाखो डॉलरला विकलं जातं असं कुणी सांगितलं असतं, तर त्याला वर्गाबाहेरच उभं केलं असतं.

वारा दाखवायला कोंबडाच हवा असं काही नाही. अथेन्समध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात अँड्रोनिकसने बांधलेला आठकोनी ‘वाऱ्यांचा मनोरा’ आजही उभा आहे. त्याच्या माथ्यावर ट्रायटन या समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती फिरत असे आणि हातातल्या काठीने वारा कुठला ते दाखवत असे. कोंबडा आला तो चर्चमुळे. कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील, असं येशूने आपल्या शिष्याला, पीटरला, सांगितलं होतं. त्या प्रसंगाची आठवण म्हणून कोंबडा चर्चच्या कळसावर चढला. इटलीतल्या ब्रेशा शहरात नवव्या शतकातला असा एक कोंबडा जपून ठेवलाय, आणि टिकून राहिलेल्यांमध्ये तो सर्वात जुना मानतात. फ्रान्समधल्या बायो गावच्या प्रसिद्ध जुन्या भरतकामात लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चच्या छपरावर एक माणूस कोंबडा बसवताना दिसतो. गोव्यातल्या जुन्या घरांच्या कौलांवर मातीचा कोंबडा असतो, तो मात्र फिरत नाही, नुसता बसून असतो.

फिरण्यामागची युक्ती सोपी आहे. शेपटाकडे पत्रा जास्त, तोंडाकडे कमी. वजन मात्र दोन्हीकडे सारखं, नाहीतर सगळं एका बाजूला कलून दांड्यावर अडकेल. वारा मोठ्या बाजूला रेटतो, शेपूट मागे जातं आणि चोच वाऱ्याच्या तोंडाला येते. ‘वारा येईल तशी पाठ द्यावी’ असं आपण म्हणतो. हा पठ्ठ्या नेमका उलटा, वारा येईल तिकडे तोंड देतो. पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्यांना वातकुक्कुट म्हणताना एवढा तपशील लक्षात घ्यायला हरकत नाही.

संग्राहकांच्या जगातली मोठी उलाढाल मात्र युरोपात नाही, अमेरिकेत झाली, आणि तीही प्रामुख्याने ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये. तिथल्या या कलेचा पहिला नावानिशी ठाऊक असलेला कारागीर म्हणजे बॉस्टनचा शेम ड्राऊन. आपल्या भाषेत सांगायचं तर तांबट. १७१६ साली त्याने गव्हर्नरच्या वाड्यासाठी धनुष्यबाण घेतलेल्या अमेरिकन मूलनिवासी माणसाच्या रूपातलं वातकुक्कुट घडवलं. त्याचे डोळे काचेचे. मग चर्चसाठी एक भलामोठा कोंबडा, आणि १७४२ मध्ये फॅन्युइल हॉल या नव्या बाजार-सभागृहासाठी सोन्याचा वर्ख दिलेला तांब्याचा नाकतोडा. व्यापाऱ्यांच्या इमारतीवर नाकतोडा कशाला, असं वाटेल. लंडनच्या रॉयल एक्स्चेंज या व्यापारी बाजारावरही नाकतोडा आहे. ते तो बाजार उभारणाऱ्या ग्रेशॅम घराण्याचं चिन्ह. बॉस्टनच्या धनिकांना ती खूण बरोबर कळत असणार. १७५५ च्या भूकंपात नाकतोडा खाली कोसळला. शेमच्या मुलाने, थॉमसने, तो दुरुस्त करून परत चढवला.

जॉर्ज वॉशिंग्टनलाही या प्रकाराची हौस होती. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटनेच्या बैठकीचं अध्यक्षपद सांभाळत असताना त्याने जोसेफ रेकस्ट्रॉ या कारागिराकडून माउंट व्हर्नन या आपल्या घराच्या घुमटीसाठी चोचीत ऑलिव्हची फांदी धरलेलं कबुतर करून घेतलं. जेफरसनची तऱ्हा वेगळी. माँटिचेलो या आपल्या घराच्या छपरावरचं दिशादर्शक त्याने खालच्या ओसरीच्या छतावरल्या तबकडीशी जोडून घेतलं, म्हणजे वारा पाहायला अंगणात जायला नको.

इथवर सगळं एकेका मागणीचं काम होतं. शेतकरी आपल्या धान्यकोठारासाठी फळीतून मासा कापून घेई, गावचा लोहार पत्र्याचा घोडा करून देई. त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. खरा बदल झाला तो १८५० नंतर. बॉस्टनजवळच्या वॉल्थॅममध्ये ॲल्विन ज्युएलने तांब्याची वातकुक्कुटं साच्यावर काढायला सुरुवात केली. १८६७ मध्ये दुकानाची पाटी लावताना पडून तो वारला, आणि त्याचे साचे लिलावात लेनर्ड कुशिंग आणि स्टिलमन व्हाइट यांनी घेतले. व्हाइट पुढे बाजूला झाला. कुशिंगचं नाव मात्र आज लिलावाच्या यादीत दिसलं की बोली चढते.

त्यांच्या कारखान्यात काम कसं चाले ते बघण्यासारखं आहे. आधी लाकडात कोरलेला नमुना. कुशिंगसाठी हे कोरीवकाम हेन्री लीच नावाचा कारागीर करी. त्या नमुन्यावरून लोखंडी साचे ओतायचे, एका घोड्याचे कितीतरी तुकडे: डावं अंग, उजवं अंग, कान वेगळे, शेपूट वेगळी. साच्यात तांब्याचा पातळ पत्रा ठेवून तो हातोडीने ठोकत ठोकत आत बसवायचा, मानेवरची आयाळ आणि बरगड्यांचा उठाव येईपर्यंत. मग दोन्ही अंगं जोडून सांधा झाळायचा. शेवटी रंगाचा हात आणि वर सोन्याचा वर्ख. वेस्ट ब्रिजवॉटरच्या जे. हॉवर्ड कंपनीने घोड्याचा पुढचा भाग जस्ताचा ओतीव ठेवला आणि मागचं अंग तांब्याचं. तोंडाकडे वजन, शेपटाकडे पत्रा. तोल आपोआप साधला.

हे घोडेही कुठलेतरी घोडे नव्हेत. ईथन ॲलन, ब्लॅक हॉक, डेक्स्टर, स्मगलर ही शर्यतीतली गाजलेली जनावरं. त्यांची छापील चित्रं घरोघरी भिंतीवर लागलेली असत आणि कारखानदार तीच समोर ठेवून नमुने करून घेत. न्यूयॉर्कच्या जे. डब्ल्यू. फिस्कच्या छापील यादीत गाय, डुक्कर, मेंढी, आगीचा बंब, रेल्वे इंजिन, खाटकासाठी बैल, लेखकासाठी लेखणी, असं काहीही मिळे. आकार सांगा, पैसे पाठवा, खोक्यात भरून गाडीने घरपोच. म्हणजे आज जी ‘लोककला’ म्हणून काचेत मांडलीय, तिच्यातला मोठा हिस्सा टपालाने मागवलेला कारखान्याचा माल आहे. मला यात काही कमीपणा वाटत नाही, पण हे सांगताना विक्रेत्यांचा आवाज जरा खाली येतो हे मात्र खरं.

मग या मालाला लोककला म्हटलं कुणी? शेतकऱ्यांनी नाही, कारखानदारांनी तर नाहीच. म्हटलं आधुनिक चित्रकारांनी. मेन राज्यातल्या ओगंक्विट या समुद्रकाठच्या गावात हॅमिल्टन ईस्टर फील्डने कलावंतांची वसाहत चालवली होती. तिथल्या कोळ्यांच्या जुन्या झोपड्या त्याने जुनी चित्रं आणि लाकडी-पत्र्याच्या वस्तूंनी सजवल्या होत्या. युरोपातल्या नव्या कलेने डोळे तयार झालेल्या या मंडळींना सपाट पत्र्याच्या घोड्यात, त्याच्या काटेकोर बाह्यरेषेत, आपलंच काहीतरी दिसलं. शिल्पकार एली नाडेलमनने तर १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्हरडेल भागात लोककलेचं स्वतःचं संग्रहालयच उघडलं.

याला बाजाराचं रूप दिलं एडिथ हॅल्पर्ट या चतुर विक्रेतीने. १९३१ मध्ये तिने आपल्या आधुनिक चित्रांच्या दालनाला जोडून लोककलेचं दालन थाटलं. खप कमी असलेल्या आधुनिक चित्रांना यातून आधार मिळाला, आणि जुन्या वस्तूंना नवी प्रतिष्ठा. तिचा साथीदार होल्गर केहिल. १९३१ मध्ये नूअर्कच्या संग्रहालयात त्याने लोकशिल्पांचं प्रदर्शन मांडलं आणि १९३२ मध्ये थेट न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, ‘सामान्य माणसाची कला’ या नावाने. त्यातल्या बहुतेक वस्तू ॲबी ऑल्ड्रिच रॉकफेलर यांच्या संग्रहातल्या. महामंदी सुरू होती, देश स्वतःची मुळं शोधत होता. कोठारावरचा घोडा त्या मनःस्थितीत चपखल बसला. सरकारी रोजगार योजनेतून बेकार चित्रकारांना कामाला लावून जुन्या वस्तूंची हजारो जलरंग चित्रं काढून घेतली गेली. त्या योजनेतल्या कलाविभागाचा प्रमुखही केहिलच होता. चित्रांत वातकुक्कुटं भरपूर. १९४७ मध्ये इलेक्ट्रा हॅवमायर वेब यांनी व्हरमाँटमध्ये शेलबर्न संग्रहालय स्थापलं आणि १९६१ मध्ये न्यूयॉर्कला लोककलेचं स्वतंत्र संग्रहालय निघालं. तिथे तुतारी फुंकणारा देवदूत गॅब्रिएल आणि माणसाहून उंच असा मूलनिवासी सरदार सेंट टॅमनी, अशी दोन वातकुक्कुटं मानाची.

बाजारात आता बघतात ते अंग, म्हणजे वरचा पृष्ठभाग. तांब्याचं भांडं हिरवं पडलं की आपल्या घरी चिंच निघते. इथे कुणी चिंच लावली तर किमतीचा मोठा हिस्सा त्याच घासणीत धुऊन जाईल. शंभर वर्षांच्या पाऊस-बर्फाने आलेला हिरवा थर, त्यात कुठे कानाच्या खाचेत राहिलेला सोन्याचा कण, यालाच मोल. गंमत अशी की कारागिराने विकला होता लखलखीत सोनेरी घोडा. आज त्याला मूळ रूपात आणून ठेवलं तर संग्राहक तोंड फिरवतील.

साहजिकच नकला आल्या. जुने साचे हाती लागले की नवा घोडा तंतोतंत निघतो. मग आम्ल लावून हिरवा रंग चढवायचा. खऱ्या वातकुक्कुटांना बंदुकीच्या गोळ्यांची भोकं असतात, कारण शेतावरच्या पोरांनी त्यांच्यावर नेम धरलेला असतो. म्हणून नकली मालालाही गोळ्या घालतात. जाणकार त्यामुळे आधी दांडा बसतो ती जागा बघतात. वर्षानुवर्षं फिरून झालेली झीज खोटी करणं अवघड.

२००६ हे वर्ष सगळ्या संग्राहकांना पाठ आहे. ऑगस्टमध्ये रेल्वे इंजिनाच्या आकाराच्या एका वातकुक्कुटाला १२ लाख डॉलर मिळाले, आणि ऑक्टोबरमध्ये सदबीजच्या लिलावात जे. एल. मॉट कंपनीच्या मूलनिवासी सरदाराला ५८ लाख ४० हजार. ज्यांना त्यांच्या जमिनीवरून हाकललं, त्यांचीच तांब्याची आकृती छपरावर मिरवायची आणि पुढे ती सर्वात महाग विकायची, हा त्या देशाचा इतिहासही या वस्तूंना चिकटलेला आहेच.

भाव चढू लागले तसे चोरही छपरांवर चढू लागले. कोठारं, चर्च, रेल्वे स्थानकं, कुठलंच छप्पर सुटलं नाही. अनेक गावांनी अस्सल वस्तू उतरवून नक्कल वर बसवली. काहींनी अस्सल विकून छपराची दुरुस्ती करून घेतली. जानेवारी १९७४ मध्ये तर फॅन्युइल हॉलवरचा नाकतोडाच नाहीसा झाला. सगळं बॉस्टन हळहळलं. काही दिवसांनी तो त्याच इमारतीच्या घुमटीत सापडला, जुन्या झेंड्यांच्या ढिगाखाली. चोराने तो बाहेर नेलाच नव्हता. दुरुस्ती झाली आणि शेम ड्राऊनचा नाकतोडा पुन्हा वर गेला. तो अजून तिथेच आहे.