साठीनंतरची हाफ मॅरेथॉन आणि पोटऱ्या

धावपटूंच्या मनगटावरची बरीच घड्याळं एक जुनं गणित धरून बसलेली असतात: 220 वजा वय. साठीच्या माणसाला हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा म्हणून ती 160 देतात आणि शेवटच्या दोन किलोमीटरला 158 दिसले की लाल होऊन घाबरवतात. कोलोरॅडो विद्यापीठातल्या हिरोफुमी तानाका आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 351 अभ्यास एकत्र करून वेगळं सूत्र मांडलं: 208 वजा वयाच्या 0.7 पट. चाळिशीत दोन्ही सूत्रं 180 वरच येतात. सत्तरीत मात्र जुनं 150 सांगतं आणि नवं 159. शिवाय दोन्ही सरासऱ्याच. एकाच वयाच्या दोघांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज निघतो. त्यापेक्षा सरावाच्या रनमध्ये सोबत्याशी अख्खं वाक्य बोलता येतंय का, हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

वयाबरोबर कमाल ठोके उतरतात हे मात्र खरं, आणि कितीही सराव केला तरी ते थांबत नाही. हृदयाची लय ठरवणारी गाठ मंदावते, ॲड्रेनॅलिनला हृदय पूर्वीइतकं दाद देत नाही. साहजिकच शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, म्हणजे व्हीओटू मॅक्स, घसरतो. बैठ्या माणसात तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण 10 टक्के. कसून धावत राहणाऱ्यांत बऱ्याचदा सावकाश.

पण हाफ मॅरेथॉन त्या कमाल क्षमतेवर कुणी धावतच नाही. मुरलेला धावपटू ही शर्यत त्या क्षमतेच्या खाली, कसून पळताना स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट रक्तात भराभर साचू लागतं त्या पातळीच्या आसपास धावतो. ही पातळी कमाल क्षमतेच्या किती टक्क्यांवर येते, ते प्रमाण सराव टिकवणाऱ्यांत वयाने फारसं ढळत नाही. कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी 2004 मध्ये, वयाच्या 73 व्या वर्षी, टोरांटोत पूर्ण मॅरेथॉन 2 तास 54 मिनिटं 48 सेकंदांत संपवली. म्हणजे 87 मिनिटं 24 सेकंदांची एक हाफ आणि लगेच तशीच दुसरी! आणि सराव कुठे, तर मिल्टन गावातल्या दफनभूमीत, त्याच त्या वाटेवर संथ फेऱ्या, तासन्‌तास.

मग वेग जातो कुठे? पावलांचा ठेका बहुतेक तसाच राहतो. पाऊल तोकडं पडतं. शरीर पुढे ढकलण्याचं बरंचसं काम पोटरीच्या स्नायूंचं आणि टाचेमागच्या कंडऱ्याचं, म्हणजे अकिलीस टेंडनचं. वय वाढतं तसे मज्जारज्जूतले काही चेतापेशी मरतात आणि त्यांच्या ताब्यातले स्नायूतंतू पोरके होतात. त्यातल्या काहींना शेजारची चेता सांभाळून घेते, उरलेले झिजतात. सर्वाधिक फटका झटक्यात जोर लावणाऱ्या वेगवान तंतूंना. त्यामुळे दमसास शाबूत असूनही रेटा उरत नाही, आणि ज्येष्ठांच्या दुखापतीही पोटरी-टाचेच्या पट्ट्यात जास्त. उपाय कंटाळवाणा आहे: पायरीच्या कडेवर चवड्याने उभं राहून, एकेका पायावर, टाच वर-खाली. एकदा गुडघा ताठ, एकदा किंचित वाकवून. वाकवल्यावर पोटरीतल्या आतल्या स्नायूवर, सोलियसवर, जास्त भार येतो.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला पायांची परीक्षा दोनदा होते. यवतेश्वरचा घाट चढताना छाती फुटते, पण पायांची खरी वाट लागते उतरताना. उतारावर स्नायू ताणला जात असतानाच आकसून ब्रेक लावत असतो आणि त्यात तंतूंना बारीक इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा शोधावा लागतो तो यामुळे. मात्र असा मार एकदा खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच उताराला कमी दुखतो. म्हणून शर्यतीच्या तीनेक आठवडे आधी बेताने एखादा घाट उतरून ठेवावा.

दुरुस्तीला प्रथिनं लागतात, आणि म्हातारा स्नायू त्यांनाही उशिरा दाद देतो. विशीतल्या पुरुषाला एका खाण्यात वजनाच्या किलोमागे 0.24 ग्रॅम पुरतात. सत्तरीत ती गरज 0.4 च्या घरात जाते. 60 किलोच्या माणसाला 24 ग्रॅम. लाँग रननंतर टपरीवर जे पोहे आणि चहा होतो, त्यातून पाच-सहा ग्रॅम जेमतेम निघतात. पोहे सोडा असं मी सांगणार नाही. सोबत तीन उकडलेली अंडी घेतली की हिशोब जुळतो.