डिकीतली एक वीत मोकळी जागा

"अहो दाजी, एकशेवीस किलो आहे. ते कुठं जातंय?"

मेव्हण्यानं फरशांची चार खोकी डिकीच्या दाराशीच ठेवली आणि झाकण आपटलं. एकेक खोकं तीस किलोचं. ते आत सरकवायचं तर वाकून ढकलावं लागतं, आणि ते कुणाला हवंय! वाटेत कुत्रं आडवं आलं, त्यानं ब्रेक दाबला आणि मागच्या सीटला कुणी लाथ घालावी तसा दणका बसला. घरी येऊन पाहिलं तर डिकीतल्या गालिच्यावर हातभर लांबीचे दोन सरळ ओरखडे.

जड वस्तू जागची हलत नाही, हा समज पक्का होण्याचं कारण साधं आहे. कपाट ढकलताना आपला दम निघतो. पण गाडीत वस्तूला कुणी ढकलतच नाही. गाडी थांबते आणि वस्तू आपल्या आधीच्याच वेगानं पुढे जात राहते. न्यूटनचा पहिला नियम, शाळेतला. तिलाही गाडीबरोबर थांबवायचं तर तिला मागे ओढून धरणारं काहीतरी हवं, आणि मोकळ्या ठेवलेल्या खोक्यासाठी ते एकटं घर्षण असतं. आता वजन वाढलं की घर्षण वाढतं हे खरं. पण वस्तू थांबवायला लागणारं बळही नेमकं त्याच प्रमाणात वाढतं. समीकरणाच्या दोन्ही बाजूंचं वस्तुमान एकमेकांना छेदून जातं आणि हातात उरतो फक्त घर्षणगुणांक, म्हणजे वजनाच्या किती पट घर्षण मिळतं तो आकडा.

पुठ्ठा आणि गालिचा यांच्यात तो साधारण ०.३ धरू. म्हणजे गाडीचं मंदन (वेग घटण्याचा दर) गुरुत्वत्वरणाच्या (खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढण्याच्या दराच्या) ०.३ पटीवर गेलं की खोकं सुटलं. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरची गाडी कचकचून ब्रेक लावल्यावर ०.८ पटीच्या आसपास जाते. तेव्हा फरशांनी भरलेलं खोकं आणि तसंच रिकामं खोकं एकाच क्षणी निघतात. फरक पोहोचल्यावर कळतो. आरशाला काहीही शुभ टांगलं तरी हा गुणांक वाढत नाही. डॅशबोर्डवर ठेवलेली मूर्ती तर भौतिकशास्त्राच्या हिशेबानं मोकळं सामानच.

इथवर ब्रेकचं झालं. टक्कर झाली तर काय होतं, हा माझा आवडता भाग आहे, तेव्हा जरा सैल सोडा.

गाडी ताशी ५० किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटरनं, एखाद्या भक्कम अडथळ्यावर आदळली. तिचं नाक चेपतं ते आपल्यासाठीच. प्रवाशांचा भाग थांबायला त्यामुळे थोडं अंतर मिळतं. ते ६० सेंटिमीटर धरू आणि मंदन एकसारखं आहे असं मानू (प्रत्यक्षात नसतं, पण हिशेबाला पुरतं). वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट केली की मंदन येतं सेकंदवर्गाला सुमारे १६१ मीटर, गुरुत्वत्वरणाच्या साधारण सोळा पट. त्यापुढे घर्षणाचे ०.३ म्हणजे चिल्लर.

खोकं सीटच्या पाठीला टेकलेलं असेल, तर ते गाडीबरोबरच थांबायला लागतं. नाक चेपण्याच्या त्या ६० सेंटिमीटरचा पुरेपूर फायदा त्यालाही मिळतो. पण खोकं आणि सीट यांच्यात फट असेल, तर फट संपेपर्यंत खोक्याला काही झाल्याची खबरच नसते. ते ताशी ५० नं पुढे येतंय आणि सीट मात्र गाडीबरोबर मंदावतेय. फट संपते तेव्हा दोघांच्या वेगात जो फरक पडलेला असतो, त्या वेगानं खोकं आदळतं. हा फरक फटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, आणि सगळी मेख या वर्गमुळात आहे. ६० सेंटिमीटर फट असेल तर फरक पुरा ५०: सीट थांबून मोकळी झालेली असते आणि खोकं अजून पूर्ण वेगात. फट एक वीत, म्हणजे २० सेंटिमीटर केली, तर वाटतं की तिसरा हिस्सा झाला; पण येतात ताशी २९. आणि जेमतेम ५ सेंटिमीटर फटीलाही ताशी १४ निघतात. पहिली काही बोटंच सर्वांत महाग. "जवळपास टेकलंय" असं काही नसतं. टेकलंय किंवा नाही.

हे वेग उंचीत मांडले की अंगावर येतात. एक वीत फटीनं आदळणारं तीस किलोचं खोकं म्हणजे सव्वातीन मीटरवरून पडलेलं खोकं. पुऱ्या वेगानं आलेलं असेल तर जवळजवळ दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून म्हणा. आणि खाली सीटची पाठ, तिला टेकून माणूस.

ही वीत मी उगाच निवडलेली नाही. मोटारींच्या सीटसाठी संयुक्त राष्ट्रांचा सतरावा नियम आहे. त्यातल्या सामानाच्या चाचणीत ३० सेंटिमीटर बाजूचे दोन घन, प्रत्येकी १८ किलोचे, मागच्या सीटच्या पाठीमागे २० सेंटिमीटरवर ठेवतात आणि ताशी ५० किलोमीटरच्या टकरीचा धक्का देतात. पाठीनं त्यांना अडवलं पाहिजे. दोन घनांचं मिळून वजन ३६ किलो. मेव्हण्याच्या फरशा १२०. म्हणून नुसतं सीटला टेकवणंही पुरत नाही: टेकलेल्या १२० किलोंचा सोळा पट दाब म्हणजे जवळजवळ दोन टन वजन सीटची पाठ धरून ठेवणाऱ्या कड्यांवर. जाहिरातीतले सुरक्षिततेचे तारे मोजताना हा माल कुणी धरलेला नसतो. दोन खोकी पुढच्या सीटमागे, पाय ठेवायच्या खोलगट जागेत घट्ट बसवावीत, उरलेली दोन डिकीत सीटला चिकटवून. मागे कुणी बसणार नसेल तर तिथले सीटबेल्ट रिकामेच अडकवून ठेवावेत; पाठीला तेवढाच आधार. एवढं वजन मागे असताना तिथे कुणी न बसणंच बरं.

मग बांधायचं कसं? वरून आडवा पट्टा टाकून आवळला की झालं, असं वाटतं. पण असा पट्टा वस्तूला मागे ओढत नाही, फक्त खाली दाबतो, म्हणजे पुन्हा घर्षणावरच भिस्त. युरोपात ट्रकमधला माल बांधताना पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना ०.५ पट बळ धरतात. शंभर किलोसाठी पुढचं बळ झालं ८० किलो वजनाइतकं. ०.३ गुणांकानं घर्षण देतं ३०. उरले ५०, ते घर्षणातूनच काढायचे तर वरून ५० भागिले ०.३, म्हणजे १६७ किलोंचा दाब हवा, पट्ट्याच्या प्रत्येक टोकाला ८३ किलोंची ओढ. हातानं दोरीला गाठ मारून हे होणं नाही. आता खोक्याखाली रबरी चटई घाला आणि गुणांक ०.६ करा. घर्षण देतं ६०, उरतात २०, त्याला दाब हवा ३३ किलोंचा. दाब पाचपट कमी झाला, तोही चटईच्या एका तुकड्यानं! हिशेब डोक्यावरून गेला असेल तर सोडून द्या, पण चटई घाला. (टकरीला हेही पुरणार नाही, तिथे वस्तूच्या पुढून वळसा घालून डिकीतल्या मागच्या कड्यांना ओढलेला पट्टा लागतो.)

दोरीच्या वेष्टनावर 'लष्करी दर्जा' छापलेला असतो, त्याला काही अर्थ नाही. रॅचेटच्या (दात्यांच्या खटक्यानं आवळायच्या) पट्ट्याला शिवलेलं लेबल वाचा. त्यावर डेकान्यूटनमध्ये आकडे असतात. एक डेकान्यूटन म्हणजे साधारण एक किलोची ओढ. पट्टा किती ताण सोसेल हा एक आकडा, आणि रॅचेटनं आवळून त्यात प्रत्यक्ष किती ताण भरता येतो हा दुसरा, बराच लहान. लोक पहिलाच वाचतात. ताणणारे रबरी हूक हलक्या गोष्टींना ठीक. जड वस्तू ते ताणून पुढे जाते आणि मग गोफणीसारखी परत येते.

वजन मागे ठेवण्याचा आणखी एक तोटा तरफेचा. मागच्या आसाच्या अर्धा मीटर मागे १२० किलो ठेवले आणि दोन आसांमधलं अंतर अडीच मीटर असलं, तर मागच्या चाकांवर १४४ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे २४ उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. डॅशबोर्डाजवळ दिव्यांचा झोत खाली करायची चकती असेल, तर ती यासाठीच. मागच्या टायरमध्ये भरल्या गाडीला किती हवा हवी, ते बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं.

टपावर तर जड काही नकोच. हजार किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर असेल, तर टपावरचे ७५ किलो त्याला ६३ वर नेतात. वळणावर ते कळतं.

एकूण किती न्यायचं, हे कमाल परवानगीच्या वजनातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की निघतं. साध्या गाडीत हा आकडा बहुधा चारशे ते पाचशे किलो, पण माणसं धरून. सत्तर किलोची चार माणसं बसली की २८० गेले.

मेव्हण्याला मी हे सगळं कागदावर काढून दाखवलं. वर्गमुळापाशी त्यानं फोन काढला. पण दुसऱ्या फेरीला खोकी सीटला चिकटवली, खाली चटई घातली आणि पट्टा असा आवळला की पुठ्ठा चेपला. मग हात झटकले आणि हातोडी-छिन्नीची पिशवी मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवून दिली, बरोबर आमच्या डोक्यांच्या उंचीवर.